छंदापुरतं मशिनिंग: परवडणारं कॅड आणि कॅम कसं निवडावं

सॉफ्टवेअर शोधायला बसण्याआधी तुमच्या सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आदेशांवर चालणाऱ्या मशिनवर कोणता कंट्रोलर (मशीन चालवणारा मेंदू) बसवलाय ते बघा. बहुतेक नवखे उलट्या दिशेनं जातात. यूट्यूबवर कुणीतरी झोकात थ्रीडी मॉडेल फिरवत असतो, तेच सॉफ्टवेअर उतरवून घ्यायचं, महिनाभर त्यात रमायचं, आणि मग कळतं की त्यातून निघालेला प्रोग्रॅम आपलं मशीन दुसऱ्याच ओळीवर नाकारतंय. डोक्यातली वस्तू, कॅडमध्ये काढलेलं तिचं ड्रॉइंग, त्यावरून कॅमनं आखलेला कापणाऱ्या टूलचा मार्ग, त्या मार्गाचे मशिनला कळणारे आदेश म्हणजे जी-कोड आणि शेवटी तो कोड वाचणारं मशीन, अशी ही साखळी असते. शेवटची कडी बदलायला सगळ्यांत जास्त पैसे लागतात. म्हणून निवड तिथून सुरू करायची आणि मागे मागे येत कॅडपर्यंत पोचायचं.

घराच्या गॅलरीत छोटं राउटर, म्हणजे लाकूड वगैरे कोरणारं मशीन, ठेवलेले, किंवा भांडुप-वसईकडच्या गाळ्यात मित्राच्या जुन्या मिलिंग मशिनला स्टेपर मोटरी बसवून रविवार घालवणारे, अशांसाठी हे लिहितोय. जॉबवर्कवर पोट असणाऱ्यांचा हिशेब वेगळा असतो. त्यांनी यातलं पटेल तेवढंच घ्यावं.

पायरी १: मशीन काय वाचतं ते शोधा

३०१८ या नावानं मिळणारं छोटं राउटर, म्हणजे साधारण ३०० बाय १८० मिलिमीटरचं टेबल, घेतलं असेल तर आत बहुतेक जीआरबीएल असणार. हे फर्मवेअर, म्हणजे कंट्रोलरच्या आतला प्रोग्रॅम, फुकट आणि ओपन-सोर्स आहे, आणि मूळचं आर्डुइनो उनोवरच्या इवल्याशा चिपमध्ये मावेल असं लिहिलेलं आहे. जागा कमी, म्हणून काही गोष्टी त्यात मुळातच नाहीत. टूल बदलायचा एम६ हा आदेश त्याला कळत नाही. छिद्रं पाडायच्या तयार सायकली, म्हणजे जी८१ आणि जी८३, त्याला कळत नाहीत. कॅमनं या ओळी लिहून पाठवल्या की 'एरर २०' येतो आणि काम थांबतं. नवा माणूस इथे मशीन बिघडलं समजून विक्रेत्याला फोन लावतो. मशीन ठीक असतं. त्याला न कळणारा आदेश आलेला असतो, एवढंच.

जुन्या मिलला जोडलेल्या संगणकावर मॅक३ हे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर असेल तर जरा जपून. त्याचा विकास कधीच थांबलाय, आणि पॅरलल पोर्टनं चालणाऱ्या मॅक३ला ३२ बिटचं विंडोज लागतं. म्हणजे तो खोका संगणक मशिनलाच बांधलेला राहणार आणि कॅड-कॅम दुसऱ्या लॅपटॉपवर चालणार. त्याच कामाचं लिनक्ससीएनसी फुकट आहे आणि भारदस्त आहे. ते बसवणाऱ्याला थोडा लिनक्सचा सराव हवा. लाकडाच्या मोठ्या राउटरला हातात धरायचा डीएसपी रिमोट असतो. तो पेनड्राइव्हवरून फाइल घेतो, त्यामुळे तिथे सॉफ्टवेअरचं नाव कमी आणि फाइलचा नमुना जास्त महत्त्वाचा.

कंट्रोलर कळला की एकच प्रश्न घेऊन सॉफ्टवेअरकडे जायचं: तुझ्याकडे माझ्या कंट्रोलरचा पोस्ट-प्रोसेसर आहे का? पोस्ट-प्रोसेसर म्हणजे दुभाषा. कॅमनं ठरवलेला टूलचा मार्ग तो तुमच्या मशिनच्या बोलीत उतरवतो. दुभाषा चांगला नसेल तर बाकीचं सॉफ्टवेअर कितीही देखणं असो, उपयोग शून्य. पायरी ३ मध्ये ज्यांची ओळख होईल त्यांपैकी फ्रीकॅडमध्ये जीआरबीएल, लिनक्ससीएनसी आणि मॅक३ हे तिन्ही आहेत. जीआरबीएलच्या पोस्टमध्ये छिद्राची तयार सायकल मोडून तिचे साधे वर-खाली आदेश लिहायची सोयही आहे. फ्यूजनकडे पोस्टची भली मोठी लायब्ररी आहे. एस्टलकॅममध्ये यादीतून कंट्रोलर निवडला की काम झालं.

पायरी २: काय बनवणार, ते खरं खरं लिहा

कागद घ्या आणि येत्या वर्षात बनवाल अशा पाच-सहा वस्तू लिहा. स्वप्नातल्या वळणदार पात्यांच्या इम्पेलरला त्यात जागा नको. दारावरची नावाची पाटी, गणपतीच्या मखराची जाळी, मोटर धरायचा अ‍ॅल्युमिनियमचा ब्रॅकेट, सर्किट बोर्ड, सायकलचा एखादा क्लॅम्प, खोक्याचं झाकण. या यादीतली जवळजवळ प्रत्येक वस्तू अडीच-डीची आहे. म्हणजे टूल एका खोलीवर उतरतं, त्या पातळीवर आडवं-उभं फिरतं, मग पुढच्या पातळीवर जातं. याला बाह्यरेषा कापणं, पॉकेट (ठरावीक खोलीचा खळगा) खोदणं, छिद्र पाडणं आणि कोरणं एवढंच लागतं, आणि ते फुकटातल्या सॉफ्टवेअरनं उत्तम होतं.

खरं थ्रीडी मशिनिंग लागतं ते उठावाच्या नक्षीला, साच्याला, वळणदार पृष्ठभागाला. मुंबईत लाकडी दारांवर नक्षी काढणाऱ्यांच्या तोंडी अजूनही 'आर्टकॅम' ऐकू येतं. ऑटोडेस्कनं ते २०१८ मध्येच विकायचं बंद केलं. पुढे तेच कार्व्हको या नावानं आलं. तुमच्या यादीत अशी नक्षी एखादीच असेल तर तिच्यासाठी महागडं पॅकेज घेऊ नका. तो एक जॉब बाहेरून करून घेणं स्वस्त पडतं.

आणि ज्यांच्याकडे सीएनसी नाहीच, हातानं चाक फिरवायचं लेथ किंवा मिल आहे, त्यांना कॅमची अजिबात गरज नाही. त्यांना हवं मोजमापं नीट दाखवणारं ड्रॉइंग. लिब्रेकॅडसारखं फुकट टूडी सॉफ्टवेअर पुरतं. फ्रीकॅडमध्ये मॉडेलवरून ड्रॉइंगचं पान काढता येतं, ते छापून मशिनशेजारी चिकटवायचं. त्यांनी पायरी ३ आणि ४ मधला कॅमचा भाग सोडून वाचायला हरकत नाही.

पायरी ३: तीन-चार उमेदवार निवडा, त्याहून जास्त नकोत

फ्रीकॅडपासून सुरुवात करतो, कारण माझं मत तिकडे झुकतं. ते पूर्ण फुकट आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं, इंटरनेट लागत नाही, आणि त्यातून कमाई केली तरी कुणी विचारत नाही. त्याची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली आणि तिच्यामुळे जुनं मोठं दुखणं बरंच कमी झालं. आधीच्या आवृत्त्यांत मॉडेलमधली सुरुवातीची एखादी रेघ बदलली की पुढची छिद्रं आणि गोलाई भलत्याच कडेला जाऊन बसायची. यूट्यूबवर 'फ्रीकॅड नको रे बाबा' असं सांगणारे जुने व्हिडिओ त्या काळातले आहेत. तारीख बघून मगच विश्वास ठेवा. त्याच आवृत्तीत जुन्या 'पाथ' या विभागाचं नाव 'कॅम' झालं. जुने धडे बघताना मेनूत 'पाथ' सापडला नाही म्हणून गोंधळू नका. कडा कापणं, पॉकेट, ड्रिलिंग, हेलिक्स, कोरीव काम, आणि टूलवर भार सारखा ठेवणारं अ‍ॅडॅप्टिव्ह, हे सगळं त्यात आहे. उणी बाजूही सांगतो: चूक दाखवणारा संदेश आला तर तो कशामुळे आला ते समजायला वेळ जातो, आणि थ्रीडी पृष्ठभागाच्या कामात ते अजून कच्चं आहे.

फ्यूजन, म्हणजे पूर्वीचं फ्यूजन ३६०, वापरायला निर्विवाद गुळगुळीत आहे. कॅड आणि कॅम एकाच छताखाली, सिम्युलेशन सुंदर, शिकवणारे व्हिडिओ ढीगभर. वैयक्तिक वापराचा परवाना फुकट मिळतो, पण तो बिगरव्यावसायिक कामालाच. त्याला ज्या अटी आहेत त्या आधी वाचल्यात तर नंतर चिडचिड होणार नाही. एका वेळी १० फाइलीच संपादनासाठी उघड्या राहतात. बाकीच्या कुलपात ठेवायच्या आणि लागेल तशा बाहेर काढायच्या, हे जमतं. ऑक्टोबर २०२० पासून फुकट परवान्यातल्या जी-कोडमध्ये रॅपिड चाल मिळत नाही. हवेतून जातानाही टूल कापायच्याच वेगानं जातं. स्वयंचलित टूल बदल नाही, म्हणून प्रत्येक टूलची फाइल वेगळी काढायची. ३०१८ वाल्याला या दोन्ही अटी फारशा टोचत नाहीत: त्याच्या मशिनला मुळात आपोआप टूल बदलता येत नाही आणि त्याची रॅपिड चालही काही विजेसारखी नसते. पण शे-दीडशे छिद्रांच्या जाळीला हवेतला वेळ साठत जातो, आणि सोसायटीत दुपारी दोन ते चार आवाज चालत नसेल तर तो वेळ मोजावाच लागतो. शिवाय हे सॉफ्टवेअर क्लाउडवर बेतलेलं आहे. नेटशिवाय ते साधारण दोन आठवडे तग धरतं, मग लॉग-इन मागतं. डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगला असाल तर शैक्षणिक परवाना घ्या, त्यात बंधनं खूप कमी आहेत.

एस्टलकॅम हे जर्मनीतून आलेलं छोटंसं कॅम. फक्त विंडोजवर चालतं. तुम्ही डीएक्सएफ (टूडी रेघांची) किंवा एसटीएल (थ्रीडी आकाराची) फाइल आणायची, रेघेवर क्लिक करायचं, आत कापायचं की बाहेर ते सांगायचं, झालं. किंमत एकदाच द्यायची, साधारण ६० युरोंच्या घरात. चाचणी आवृत्तीत काहीही कापलेलं नाही. फक्त प्रोग्रॅम साठवताना थांबावं लागतं आणि वापर वाढेल तसा तो थांबा लांबत जातो. परवाना विकायची इतकी सभ्य पद्धत मी क्वचित पाहिली. ज्याला कॅडची डोकेदुखी नको, इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये रेघा ओढून पाट्या आणि जाळ्या कापायच्यात, त्यानं दुसरं काही बघू नये.

किरीमोटो ब्राउझरमध्येच उघडतं, फुकट आणि ओपन-सोर्स आहे, आणि हिशेब तुमच्याच संगणकावर करतं. जुन्या लॅपटॉपवर किंवा क्रोमबुकवर हाच रस्ता. एसटीएल टाकायची, रफिंग-फिनिशिंग (आधी ढोबळ, मग बारीक कापणं) लावायचं, कोड घ्यायचा. नेमक्या मोजमापाच्या ब्रॅकेटला मी ते वापरणार नाही, लाकडातल्या वळणदार आकाराला मात्र जरूर.

व्हेक्ट्रिकचं व्हीकार्व्ह अक्षरं आणि नक्षी कोरणाऱ्यांचं लाडकं आहे आणि त्या कामात त्याला तोड नाही. डेस्कटॉप आवृत्ती साडेतीनशे डॉलरांच्या आसपास, एकरकमी. चाचणी आवृत्तीत मात्र त्यांच्या नमुना फाइलींचाच कोड काढता येतो, तुमच्या नाही. पाट्यांच्या ऑर्डरी यायला लागल्या की याचा विचार करा, आधी नाही.

ऑनशेप आणि सॉलिड एजची कम्युनिटी आवृत्ती ही दोन्ही फुकट आणि तगडी कॅड आहेत. ऑनशेपच्या फुकट खात्यातली प्रत्येक फाइल जगाला उघडी दिसते, हे लक्षात ठेवा. तुमच्या क्लॅम्पची चोरी कुणी करेल असं नाही, पण क्लायंटचं ड्रॉइंग तिथे टाकू नका. सॉलिड एज फक्त विंडोजवर, आणि त्याच्या फुकट आवृत्तीतली फाइल पैसे मोजलेल्या आवृत्तीत उघडत नाही. ऑनशेपच्या फुकट खात्यासोबत कॅम वेगळं शोधावं लागेल. सर्किट बोर्डवाल्यांसाठी फ्लॅटकॅम, एवढं सांगून पुढे जातो.

राहिला मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडचा 'सब कुछ डाल के देता हूँ' पेनड्राइव्ह. हजारो डॉलरांचं सॉफ्टवेअर शंभर-दोनशे रुपयांत. कायद्याचं बोलायचं तर कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम ६३ ब अशी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगतं. वापर कमाईसाठी नसेल तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. पण कायदा बाजूला ठेवला तरी हौशी माणसाला ते पॅकेज झेपत नाही. पाच अक्षांच्या मशिनसाठी बांधलेल्या मेनूंच्या जंगलात साधं पॉकेट खोदायला शिकण्यात सुट्ट्या जातात, अडलं तर विचारायला कुणी नसतं, आणि त्या पेनड्राइव्हसोबत आणखी काय आलं ते वेगळंच.

पायरी ४: एकच चाचणी जॉब प्रत्येकात करून बघा

वैशिष्ट्यांचे तक्ते वाचून निवड होत नाही. एक लहानसा जॉब ठरवा आणि तोच प्रत्येक उमेदवारात सुरुवातीपासून कोडपर्यंत न्या. हा घ्या: ६० बाय ४० मिलिमीटरची, ६ मिलिमीटर जाड अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. चार कोपऱ्यांत ४.२ मिलिमीटरची छिद्रं, म्हणजे नंतर हातानं टॅप मारून एम५ बोल्टचे आटे पाडता येतील. मध्ये २० बाय २० चं, ३ मिलिमीटर खोल पॉकेट. शेवटी बाहेरची कड कापायची आणि चार टॅब (न कापता सोडलेले छोटे दुवे) ठेवायचे, म्हणजे तुकडा सुटून टूलवर येणार नाही.

या साध्या पट्टीत सगळी मेख आहे. पॉकेटचे कोपरे तुम्ही काटकोनात काढलेत तर ३ मिलिमीटरचं एंडमिल, म्हणजे बाजूनंही कापणारं गोल टूल, तिथे दीड मिलिमीटरची गोलाई सोडणारच. म्हणून कॅडमध्येच कोपऱ्यांना २ मिलिमीटरची गोलाई द्या, टूल वळताना दडपणार नाही. छिद्रांच्या वेळी कॅम कुठली सायकल लिहितंय ते दिसेल. कडेच्या वेळी टॅब किती सहज लावता येतात ते कळेल.

मग सॉफ्टवेअरमधल्या टूल लायब्ररीत एंडमिल भरा. इथे मुंबईच्या बाजाराची एक खुबी आहे. नागदेवी स्ट्रीटला मोजमाप अजून सुतात चालतं: एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. छोट्या राउटरसोबत येणारा ईआर११ कोलेट (टूलचा दांडा धरणारी पकड) बहुधा याच मापाचा असतो. पण ३.१७५च्या दांड्यावर कापणारं टोक ३ मिलिमीटरचं असू शकतं, २चं असू शकतं. दांडा मोजून लायब्ररीत ३.१७५ लिहिलंत आणि टोक ३चं निघालं तर पॉकेट प्रत्येक बाजूला जवळपास ०.०९ मिलिमीटरनं लहान होईल आणि त्यात बसायचं बेअरिंग बसणार नाही. व्हर्नियर कापणाऱ्या टोकाला लावा. तसंच 'दोन सूत' मागून आणलेला बोल्ट ६.३५चा आहे हे विसरून ६ मिलिमीटरचं छिद्र काढू नका.

फीडचा, म्हणजे टूल पुढे सरकण्याच्या वेगाचा हिशेब सॉफ्टवेअरवर सोडू नका, कारण बहुतेकांनी आत भरून ठेवलेले आकडे भारदस्त मशिनचे असतात. सूत्र सोपं आहे: फेरे गुणिले दातांची संख्या गुणिले प्रत्येक दातानं घ्यायचा कीस. स्पिंडल (टूल फिरवणारा भाग) मिनिटाला १०,००० फेरे, दोन दातांचं एंडमिल, दर दाताला ०.०२ मिलिमीटर धरलं तर मिनिटाला ४०० मिलिमीटर फीड. छोट्या राउटरची चौकट अ‍ॅल्युमिनियममध्ये लवते, म्हणून एका फेरीची खोली ०.२ मिलिमीटरपासून सुरू करा. ६ मिलिमीटर कापायला ३० फेऱ्या लागतील. लागू देत.

कोड निघाला की तो लगेच मशिनवर चढवू नका. नोटपॅडमध्ये उघडून पहिल्या वीस ओळी वाचा. जी२१ दिसला म्हणजे मिलिमीटर. जी२० असेल तर इंच, आणि मग ६० मिलिमीटरची पट्टी ६० इंचांची होऊ पाहते. एम६ कुठे आहे का, जी८१ कुठे आहे का, तेही बघा. त्यानंतर कॅमोटिक्समध्ये किंवा ब्राउझरमधल्या एनसीव्ह्यूअरमध्ये मार्ग फिरवून बघा. दोन्ही फुकट आहेत. मग स्पिंडलला टूल न लावता, झेड (वर-खाली चालणारा अक्ष) वर उचलून, पूर्ण जॉब हवेत चालवा.

हे सगळं करताना एका वहीत लिहीत जा: कुठे अडलात, उत्तर किती वेळात सापडलं, आणि दुसऱ्यांदा तोच जॉब करायला किती वेळ लागला. माझ्या लेखी हा दुसऱ्या वेळचा आकडा सगळ्यांत खरा. पहिल्यांदा सगळीच सॉफ्टवेअरं छळतात.

पायरी ५: जाडी बदलून बघा

ही पायरी लोक गाळतात, आणि मखर करणाऱ्यांना ती सगळ्यांत जास्त लागते. बाजारात १२ मिलिमीटर म्हणून मिळणारा प्लाय क्वचितच १२ भरतो, आणि एमडीएफ तर पावसाळ्यात ओल पिऊन फुगतो. श्रावणात कापलेल्या खाचा भाद्रपदात घट्ट होतात. एकमेकांत अडकणाऱ्या फळ्यांच्या खाचेची रुंदी जाडीवर ठरते, त्यामुळे प्रत्येक शीटला माप बदलावं लागतं.

म्हणून पॅरामेट्रिक कॅड हवं. जाडी एकाच जागी लिहायची आणि सगळ्या खाचा तिच्याशी बांधायच्या. फ्रीकॅडमध्ये हे स्प्रेडशीटनं होतं, फ्यूजनमध्ये पॅरामीटरच्या खिडकीत. चाचणीसाठी दोन फळ्यांची एक अडक करा, जाडी १२ वरून ११.६ करा, आणि बघा: मॉडेल नीट बदललं का, टूलपाथ एका आदेशात नवा झाला का, की सगळं पुन्हा निवडावं लागलं. इंकस्केपमध्ये नुसत्या रेघा ओढणाऱ्याला प्रत्येक खाच हातानं सरकवावी लागते. पाटीला ते चालतं. चाळीस खाचांच्या मखराला नाही.

पायरी ६: किंमत रुपयांत उतरवा

परदेशी संकेतस्थळावरच्या डॉलरला आजचा दर लावून थांबू नका. त्यावर १८ टक्के जीएसटी येतो, आणि बहुतेक कार्डांवर परकीय चलनाचे २ ते ३.५ टक्के वेगळे. एकरकमी परवान्याला हे एकदाच. वर्गणीला दरवर्षी, आणि रुपया घसरला की आपोआप वाढून. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गणीची बँक आधी सूचना देते आणि १५ हजारांवरच्या रकमेला ओटीपी मागते. ती सूचना आली की त्या वर्षात सॉफ्टवेअर खरंच किती उघडलं ते आठवा.

छंदाला माझा नियम असा: पहिल्या वर्षी सॉफ्टवेअरवर शून्य. ते पैसे चांगल्या एंडमिल, एक भक्कम व्हाइस आणि डिजिटल व्हर्नियरवर. आणि हो, तीन बटणांचा माउस. टचपॅडवर कॅड शिकायला बसलेले अर्धे लोक सॉफ्टवेअरला शिव्या देत सोडून जातात, दोष टचपॅडचा असतो. दुसऱ्या वर्षी ज्या एका कामात फुकट सॉफ्टवेअर रोज अडवतंय, तेवढ्याच कामासाठी पैसे मोजा.

पायरी ७: तुमचं काम तुमच्या ताब्यात ठेवा

फुकट परवान्याच्या अटी कंपनी कधीही बदलू शकते. २०२० मध्ये फ्यूजननं वैयक्तिक परवान्यातून स्टेप फाइल (दुसऱ्या कॅडमध्येही उघडणारं थ्रीडी मॉडेल) काढायची सोय बंद करायचं जाहीर केलं होतं. वापरणाऱ्यांनी गदारोळ केला म्हणून ती राहिली. पुढच्या वेळी राहीलच असं नाही. प्रत्येक जॉब संपला की त्याच्या चार फाइली एका फोल्डरमध्ये ठेवा: सॉफ्टवेअरची मूळ फाइल, स्टेप, टूडी आकाराची डीएक्सएफ, आणि ज्या जी-कोडनं जॉब खरोखर कापला गेला तो. जी-कोडच्या नावात टूल आणि माल लिहा, 'ब्रॅकेट-३मिमी-अ‍ॅल्यु' असं. सहा महिन्यांनी 'फायनल२' म्हणजे काय ते तुम्हालाही सांगता येणार नाही. एसटीएल मात्र मूळ म्हणून ठेवू नका. ती त्रिकोणांची जाळी असते. त्यातलं गोल छिद्र गोल राहत नाही आणि नंतर बदलता येत नाही.

पायरी ८: शिकायचं कुठे, अडलं तर काय

इंकस्केपसाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे आहेत, मराठीतही. पद्धतशीर वर्ग हवा असेल तर चुनाभट्टीला केंद्र सरकारच्या एमएसएमई मंत्रालयाची आयडेमी ही संस्था कॅड-कॅमचे अभ्यासक्रम चालवते. तिथलं शिक्षण उद्योगाच्या सॉफ्टवेअरवर असतं; पण टूलपाथ, ऑफसेट, शून्य (मापं जिथून मोजायची तो बिंदू) कुठे घ्यायचा, ही समज सगळीकडे तीच. गाळ्यातल्या एखाद्या जुन्या व्हीएमसी (मोठं सीएनसी मिलिंग मशीन) ऑपरेटरशी ओळख असेल तर त्याच्या शेजारी दोन दुपारी उभं राहा. त्याला तुमचं सॉफ्टवेअर माहीत नसेल, पण जॉब कसा धरायचा आणि कुठली बाजू आधी मारायची हे कुठल्याही व्हिडिओपेक्षा तो चांगलं सांगतो.

कॅममध्ये शून्य कुठे घेतलाय हे मशिनवर जुळलं पाहिजे. सॉफ्टवेअरमध्ये मालाचा वरचा पृष्ठभाग शून्य आणि मशिनवर टेबल शून्य, असं झालं की टूल थेट मालात घुसतं; उलटं झालं की हवेत फिरतं. कुठलंही सॉफ्टवेअर निवडा, त्यात पहिल्या दिवशी हीच सेटिंग शोधा: खालचा डावा कोपरा, मालाचा वरचा पृष्ठभाग. सुरुवातीचे सगळे जॉब त्याच शून्यावर करा.

आणि एखादा जॉब तुमच्या मशिनच्या आवाक्याबाहेरचा निघाला, पोलाद असेल किंवा खोल असेल, तर तो रबाळे, वागळे इस्टेट किंवा वसईच्या जॉबवर्कवाल्याकडे न्या. त्याला तुमचा जी-कोड नको असतो. तो त्याच्या मशिनचा स्वतः काढतो. त्याला द्यायची स्टेप फाइल, आणि सोबत मापं, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) आणि माल लिहिलेलं छापील ड्रॉइंग. कुठलं छिद्र बेअरिंगसाठी आहे आणि कुठलं नुसतं बोल्ट जायला, ते त्यावर स्वच्छ लिहा, कारण सगळीकडे सारखीच टॉलरन्स लिहिली की भाव दुप्पट लागतो. नग एकच असेल तर तोही आधीच सांगा. सेटिंगचा वेळ तो त्या एका नगावरच लावणार.